मनातलं गंध

अधिक महिन्याचा पहिला दिवस होता. शुभदाचं देवाचं आवरत आलं होतं. तुळशीला पाणी घालून ती आत वळते न वळते, तोच ईश्वरी फाटकातून ओरडत आली, "आई, आली! डबी आली! बाबांच्या हातात आहे आणि मला हातसुद्धा लावू देत नाहीयेत!"

"हळू गं, पाय," शुभदा म्हणाली. पाय बरा होऊन दोन महिने उलटून गेले होते, तरी हे शब्द तिच्या तोंडून आपोआप सुटायचे.

गेल्या दसऱ्याला ईश्वरी झोक्यावरून पडली आणि मांडीचं हाड मोडून बसली. चौथीचं वर्ष जवळजवळ सगळं खाटेवर गेलं. समोरच्या पडद्यावर शाळा दिसायची, बाईंचा आवाज यायचा, पण दुखण्यात आणि औषधाच्या गुंगीत डोक्यात काही उतरायचं नाही. शाळेने समजून घेतलं, पण अट घातली. जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी सगळ्या मुलांबरोबर तोंडी परीक्षा द्यायची. जमलं तर पाचवी, नाही जमलं तर पुन्हा चौथी. ईश्वरी वयाच्या मानाने उंच. "चौथीच्या बाकात माझे गुडघे अडकतात," असं ती सगळ्यांना हसत सांगायची. पण तिची जिवाची मैत्रीण सई पाचवीत जाणार होती, आणि तो विषय निघाला की हसणं थांबायचं.

मागून डबी घेऊन निनाद आला. कराडच्या एसटी आगारात विजेच्या बसगाड्या चार्ज करायच्या विभागात तो कामाला होता, त्यामुळे यंत्र म्हटलं की त्याचे हात शिवशिवायचे. शाळेने सुट्टीपुरती प्रत्येक मुलाला दिलेली ती डबी त्याने टेबलावर ठेवली. कुंकवाच्या मोठ्या करंड्याएवढी, पांढरी, वर बारीक भोकांची जाळी, आणि सोबत कपाळाला बांधायची मऊ पट्टी. नाव होतं 'उजळणी'.

ही डबी काय करते, ते मुख्याध्यापिका थोरात मॅडमनी पालकांच्या सभेत सांगितलं होतं. शुभदाला त्यातलं शब्दन् शब्द आठवत होतं.

"दिवसभरात मूल जे शिकतं," मॅडम म्हणाल्या होत्या, "ते मेंदूत एका लहानशा जागी तात्पुरतं ठेवलं जातं. मंडईतून आणलेली पिशवी आपण ओट्यावर ठेवतो ना, तसं. गाढ झोप लागली की मेंदू पिशवी उघडतो आणि एकेक जिन्नस त्याच्या त्याच्या डब्यात भरतो. पण रात्र पुरत नाही. बरंचसं ओट्यावरच राहतं आणि सुकून जातं. झोपलेल्या मेंदूला कुणी सांगितलं की बाबा, आधी हे भर, तर तो ते आधी भरतो. आता सांगायचं कसं? आवाज केला तर मूल उठून बसतं. उजेड केला तरी तेच. डोळ्यांनी, कानांनी आणलेली बातमी मेंदूच्या देवडीवर आधी थांबते, तिथे पहारा असतो. वासाला तो पहारा नाही. वास थेट माजघरात जातो, झोप न मोडता."

म्हणून रीत अशी होती. सकाळी मूल अभ्यासाला बसलं की डबी एक वास सोडणार. दुपारी मूल झोपलं, की कपाळाची पट्टी झोपेच्या लाटा मोजणार, आणि लाटा संथ, मोठ्या झाल्या की डबी तोच वास पुन्हा सोडणार. मेंदूला वाटणार, अरेच्चा, सकाळचा तो गुणाकार! आणि तो ते पक्कं बसवणार. वासही मुद्दाम नवा बनवलेला. त्याला 'सात नंबर' म्हणायचे. तो फुलासारखा नव्हता, फळासारखा नव्हता, जगात कशासारखाच नव्हता, म्हणजे दुसऱ्या कुठल्या आठवणीत गुंतायला नको.

"नव्याने भरलेल्या डब्याचं झाकण घट्ट असतं," मॅडमनी शेवटी बजावलं होतं. "पहिले काही महिने ते त्या वासानेच पटकन उघडतं. पुढे वापरून वापरून सैल होतं. म्हणून परीक्षेच्या वर्गात छतातून सात नंबर सोडला जाईल. दुसरा कुठलाही वास चालणार नाही. अत्तर नाही, गजरा नाही, केसांना वासाचं तेल नाही. वासाने केलेली कॉपी ही कॉपीच."

निनादने डबीची वायर उलगडली. मे महिन्यात घरातली गार खोली एकच, माजघर, आणि तिथलं प्लगचं ठिकाणही एकच, देवघराशेजारी. तो बटण दाबणार इतक्यात शुभदा म्हणाली, "अहो, थांबा. आधी पूजा."

"डबीची?"

"पोरीला विद्या देणारी वस्तू आहे. सरस्वतीच की ती."

तिने हळदकुंकू वाहिलं, अक्षता घातल्या, जास्वंदीचं फूल ठेवलं. मग सहाणेवर केशर घालून उगाळलेलं चंदनाचं गंध अनामिकेवर घेतलं आणि डबीच्या तोंडावर, बरोबर मधोमध, ठसठशीत टिळा लावला.

"आमच्या आगारात नवी बस आली तेव्हा ड्रायव्हरने काचेवर एवढा मोठा स्वस्तिक काढला," निनाद म्हणाला, "की पुढचा रस्ता दिसेना. शेवटी मीच पुसला."

"तुम्ही पुसलात ना? म्हणून ती बस सारखी बंद पडते," शुभदा शांतपणे म्हणाली, आणि ईश्वरी खुदकन हसली.

शुभदाचा अधिक महिना नेमांचा असायचा. पहाटे कृष्णेवर दिवा सोडायचा, जेवताना मौन धरायचं, दुपारी पोथीचा एक अध्याय वाचायचा, महिनाभर खोटं बोलायचं नाही. या वर्षी तिने त्यात आणखी एक नेम घातला. रोज देवांना गंध लावलं की डबीलाही लावायचं. ईश्वरीचं वर्ष मार्गी लागू दे, एवढंच मागणं.

आणि काय महिना गेला तो! सकाळी ईश्वरी माजघरात पाट घेऊन अभ्यासाला बसायची. दुपारी आमरस-पोळी खाऊन, कपाळाला पट्टी बांधून आडवी व्हायची. शेजारी शुभदा इतक्या हळू आवाजात पोथी वाचायची की माशी उडाली असती तरी ऐकू आलं असतं. उठल्यावर ईश्वरीचे डोळे लकलकायचे.

"आई, विचार! काहीही विचार!"

"कोयना कुठे उगम पावते?"

"महाबळेश्वरला! आणि आपल्या कराडला कृष्णेला मिळते, समोरासमोर, दोघी मैत्रिणी मिठी मारतात तशी. अजून विचार!"

भागाकार आला, लांबी-रुंदी आली, जिल्ह्यातले गड आले. जी कविता तिने खाटेवर पडल्यापडल्या चार वेळा सोडून दिली होती, ती एका झोपेत पाठ झाली. शेजारची हर्षदा रोज संध्याकाळी कुंपणावरून बातमी घ्यायची. तिचा अद्वयही त्याच वर्गातला.

"आमच्या अद्वयचं भूगोलाचं झालं, शुभाताई. तुमचं?"

"झालं गं. आता सातारा जिल्हा सोडून ती महाराष्ट्रात शिरलीय."

"मुलं आहेत की वादळं!" हर्षदा हसायची. "आपल्या वेळी असती ही डबी तर मी कलेक्टर झाले असते."

मधल्या अडचणीच्या दिवसांत शुभदा देवघराकडे फिरकली नाही. तेव्हा नेम ईश्वरीने चालवला. इवल्या हाताने खोड सहाणेवर फिरवायचं, अनामिकेने टिळा लावायचा. शुभदा खिडकीशी डोळे मिटून बसलेली असायची.

"तू झोपलीस का गं?"

"नाही, पूजा करतेय. मानसपूजा. हात लावायचा नसला की सगळं मनात करायचं. मनातच देवांना न्हाऊ घालायचं, मनातच फुलं वाहायची."

"मनातल्या गंधाला वास येतो?"

"नीट उगाळलं, तर येतो."

ईश्वरीला ते भारी वाटलं. तिने डबीला गंधाचा आणखी एक ठिपका लावला, जास्तीचा.

शाळा उघडायला आठवडा राहिला असताना शाळेने सराव ठेवला. मुलांना वर्गात बसवलं, खिडक्या लावल्या, छतातून सात नंबर सुटला. पालक बाहेरच्या काचेतून बघत होते. अद्वयचे ओठ तर कात्रीसारखे भराभर चालत होते. हर्षदाने शुभदाला कोपराने ढोसलं, "बघा बघा, थांबतच नाही!"

मग ईश्वरी उभी राहिली.

"अठरा गुणिले सातशे?" मॅडमनी विचारलं.

ईश्वरीने तोंड उघडलं. मिटलं. कोयनेचा उगम विचारला. ती मॅडमकडे बघत राहिली. कालपर्यंत पळत येऊन सांगणारी पोर, तिच्या चेहऱ्यावर आता नुसता कोरा कागद. काचेबाहेर शुभदाने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"घाबरलीस का, बाळ?" मॅडमनी हळुवार विचारलं.

"नाही," ईश्वरी म्हणाली. "पण काहीच येत नाहीये."

घरी येईपर्यंत ती रडली नाही. माजघरात आल्यावर मात्र देवघरासमोर फतकल मारून बसली आणि गुडघ्यांत डोकं घातलं. सकाळी लवकर निघाल्यामुळे शुभदाचा डबीचा नेम राहिला होता. काय करावं ते न सुचून तिने सहाण घेतली, खोड फिरवायला लागली. दोनचार वळसे झाले असतील.

"बारा हजार सहाशे," ईश्वरी म्हणाली.

"काय?"

"अठरा गुणिले सातशे. बारा हजार सहाशे!" तिने डोकं वर केलं. गाल ओले, डोळे मोठे झालेले. "आई, मला येतंय! सगळं येतंय! विचार ना!"

शुभदाने विचारलं. एकेक उत्तर फटाक्यासारखं आलं. निनाद दारातच थबकला. त्याने एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा सहाणेकडे, आणि सरळ डबी उचलून खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला.

झाकण उघडल्यावर कोडं सुटलं. जाळीची सगळी भोकं चंदनाने लिंपली होती, थरावर थर, वाळून दगड झालेले. आतली सात नंबरची कुपी जवळजवळ भरलेलीच. वास सोडताना डबीचं तोंड जरा कोमट व्हायचं, आणि त्या उबेने दर वेळी दरवळ सुटायचा तो वरच्या गंधाचा. महिनाभर ईश्वरीच्या मेंदूने गुणाकार आणि नद्या आणि कविता ज्या वासाला बांधल्या, तो सात नंबर नव्हताच. तो देवघराचा वास होता. आणि घरात तिची परीक्षा घेताना समोर असायची शुभदा, कपाळभर गंध लावलेली.

"यंत्राच्या तोंडाला गंध," निनाद म्हणाला. आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "मी पहिल्या दिवशी हसण्यावारी नेलं, माझीच चूक. पण शुभदा, व्रत तुझं आणि वर्ष पोरीचं गेलं."

शुभदाने सहाण खाली ठेवली. रोज सकाळी ज्या हाताने तिने मुलीसाठी मागणं मागितलं, त्याच हाताने मुलीची वाट लिंपत आणली होती. देवघरातल्या समईकडे बघायचाही तिला धीर होईना.

कुंपणावरून हर्षदाला बातमी कळली. तिने लगेच तोड काढली. "त्यात काय एवढं? युनिफॉर्मच्या कॉलरला आतून गंध चोळून द्या. वाळलं की दिसत नाही. कोण येतंय हुंगायला?"

"कॉपी होते ती."

"अहो, बाकी सगळ्यांना छतातून वास देतात, ती कॉपी नाही होय?"

शुभदाच्या मनात अगदी तेच आलं होतं. तिने निनादकडे पाहिलं.

"खोटं बोलायचं नाही एवढंच व्रत आहे ना?" निनाद म्हणाला. "बोलायचं कुठे आहे? लावायचं आहे."

खरं सांगायचं तर ती हलली. कॉलर डोळ्यांसमोर आली, आतली शिवणसुद्धा दिसली. मग ईश्वरी दिसली, वर्गात मान आखडून बसलेली, कुणाच्या नाकाला कळेल का या धास्तीने. पाचवीची सुरुवात अशी?

"मी मॅडमना जाऊन सांगते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी थोरात मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. गंधाच्या थरांपाशी आल्यावर त्यांनी ओठ दाबून धरले, पण शेवटी त्यांना हसू आवरलं नाही. "माफ करा हं. सूचनांमध्ये आम्ही पाणी सांडू नका लिहिलं, उन्हात ठेवू नका लिहिलं. गंध लावू नका हे आमच्या डोक्यातच आलं नाही."

"मॅडम, बाकीच्या मुलांना त्यांचा वास मिळतो. ईश्वरीला तिचा मिळावा, एवढंच मागते."

मॅडम गंभीर झाल्या. "तुमचं म्हणणं चुकीचं नाही. पण एकीला सूट दिली की उद्या प्रत्येक जण बाटली घेऊन येईल. कुणी गुलाबात इतिहास भरेल, कुणी मोगऱ्यात भूगोल. मला आवरणार नाही."

"आणि डबी साफ करून पुन्हा?"

"आठवड्यात एवढं सगळं नाही व्हायचं."

शुभदा उठली. दारापर्यंत गेली. तिथे तिला खिडकीशी बसलेली स्वतःच दिसली, डोळे मिटलेली, आणि समोर सहाण घेऊन विचारणारी ईश्वरी. ती गर्रकन वळली.

"मॅडम, वास आणायचा नाही. पण आठवला तर?"

"म्हणजे?"

"वास आठवायला बंदी नाही ना?"

"आठवायला बंदी कशी असेल? शाळा आहे ही." मग मॅडम पुढे झुकल्या. डोळ्यांत एकदम चमक आली. "थांबा, थांबा. हे होऊ शकतं. माणूस एखादा वास मन लावून आठवतो तेव्हा मेंदूचा तोच कोपरा उजळतो, जो खऱ्या वासाने उजळतो. फिकट उजळतो, पण उजळतो. मात्र वास आठवणं ही फार अवघड गोष्ट. चेहरा आठवतो, आवाज आठवतो, वास हाताला लागत नाही. मोठ्यांना जमत नाही, या मुलीला कसं जमेल?"

"आमच्याकडे त्याची एक रीत आहे," शुभदा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज खोलीच्या बाहेर ऐकू गेला असेल.

घरी आल्याआल्या तिने सहाण, खोड, केशर सगळं कपाटात ठेवून कुलूप लावलं. डबी धुऊन पुसून निनादच्या हाती दिली. कपाळावरचं गंधसुद्धा पुसून टाकलं. मग ईश्वरीला समोर बसवलं.

"डोळे मीट. आता वासामागे धावायचं नाही. वास शेवटी येतो. आधी सहाण घे. कशी आहे?"

"गार. जड."

"पाणी घाल. किती?"

"चार थेंब. नाही, पाच. एक बाहेर गेला."

"खोड फिरव. आवाज येतोय?"

"खर्र, खर्र... मग मऊ होतो."

"रंग?"

"पांढरट. आता केशर घातलं, पिवळा झाला." ईश्वरीचा हात मांडीवर गोल गोल फिरायला लागला होता.

"वास?"

"नाही आला." तिने डोळे उघडले. "आई, हे खोटं खोटं आहे."

"तू घाई केलीस. पाणी जास्त झालं. पुन्हा उगाळ."

पहिला दिवस फुकट गेला. दुसऱ्या दिवशी ईश्वरी दोनदा रुसली आणि एकदा खरंच झोपली. तिसऱ्या दिवशी सकाळी हात फिरता फिरता तिची नाकपुडी हलली.

"आला," ती कुजबुजली. आणि मग किंचाळली, "आई, आला! कोयना महाबळेश्वरला! आला, आला!"

निनाद अर्धी दाढी करून धावत आला. "खरं? कपाट उघडलं नाहीत ना? शपथ?" त्याने कुलूप ओढून पाहिलं, खोली हुंगली, मुलीचे हात हुंगले. मग साबणाच्या फेसाने पांढरा झालेला चेहरा शुभदाकडे वळवला. "मी त्या दिवशी बोललो ते..."

"दाढी करा आधी," शुभदा म्हणाली. "कापून घ्याल."

"नाही, ऐक. घरात जमलं, पण घर तिच्या सवयीचं. वर्गात सात नंबर भरलेला असणार. नाकात दुसरा वास असताना जमलं पाहिजे." आता त्याच्या अंगात आलं होतं. "मी तयारी करून घेतो!"

मग कराडमध्ये तिघांची वरात निघाली. आगारात रबराच्या टायरांच्या ढिगाजवळ त्याने ईश्वरीला उभं केलं आणि भागाकार विचारला. बसचे ड्रायव्हर चहा सोडून बघायला आले. पहिल्या वेळी ती अडली, दुसऱ्या वेळी नाही. तिथून स्टँडसमोरची भजीची गाडी. कढईतून कांदाभजीचा खमंग धूर उठत होता. निनाद म्हणाला, "सांग, सज्जनगड कुठल्या शहराजवळ?"

ईश्वरीने डोळे मिटले. अनामिका तळहातावर फिरली. "साताऱ्याजवळ! आणि बाबा, आता एक प्लेट घ्या, माझं मन भज्यांत जायला लागलंय."

भजीवाला पोट धरून हसला आणि त्याने प्लेटीत दोन भजी जास्त घातली. घाटावर, मंडईत, गाईच्या गोठ्याशेजारी, जिथे जिथे नाकात काही भरेल तिथे तिघं गेली. सात नंबरची कुपीही निनादने एकदा नाकापाशी धरली. ईश्वरीने तोंड वाकडं केलं. "या वासाला काहीच आठवत नाही बिचाऱ्याला," ती म्हणाली, आणि गोल गोल बोट फिरवत पाढा म्हणून दाखवला.

अधिक महिना संपला. अमावास्येला शुभदाने शेवटचा दिवा नदीत सोडला आणि त्याच्यामागे काहीच मागितलं नाही. मागायचं ते मागून झालं होतं, आता उरलेलं पोरीचं होतं.

शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात शिपाईमावशी ओलं फडकं घेऊन उभ्या होत्या. प्रत्येक मुलाचं कपाळ, हात, मान पुसूनच आत सोडत होत्या. ईश्वरीच्या दोन वेण्या होत्या, तेलाविना भुरभुरलेल्या. तिने काचेतून आईकडे पाहिलं आणि रिकामा तळहात वर करून दाखवला.

छतातून सात नंबर सुटला. एकेक मूल उठलं, बोललं, बसलं. मग मॅडमनी नाव घेतलं.

"अठरा गुणिले सातशे?" मुद्दाम तोच प्रश्न.

ईश्वरी गप्प. बाहेर हर्षदाने शुभदाचा दंड पकडला. निनाद ड्युटी बदलून आला होता, तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शुभदाला पुढे होऊन काचेवर टकटक करावंसं वाटलं, आणि तिने स्वतःला सांगितलं, घाई करू नकोस, पाणी जास्त होईल.

ईश्वरीने डोळे मिटले. उजव्या हाताचं बोट डाव्या तळहातावर टेकलं. एक वळसा. दुसरा. तिसरा. नाकपुडी हलली.

"बारा हजार सहाशे."

"कोयनेचा उगम?"

"महाबळेश्वर. आणि मॅडम, संगम इथे आपल्या मागे आहे, चालत जाऊन दाखवू का?"

मुलं हसली. मॅडमनी भागाकार विचारला, आयताची परिमिती विचारली, कविता म्हणायला लावली. कवितेच्या दुसऱ्या कडव्यात ईश्वरीचे डोळे उघडले, बोट थांबलं, आणि तरी कविता चालूच राहिली. झाकण सैल झालं होतं.

मॅडम बाकांमधून चालत आल्या. वाकून त्यांनी ईश्वरीचं कपाळ हुंगलं, मग दोन्ही तळहात. कसलाच वास नव्हता. नुसता साबणाचाही नाही.

"हातावर काय करत होतीस गं?"

"उगाळत होते, मॅडम."

मॅडमनी तिची वेणी हलकेच ओढली आणि हात पाचवीच्या वर्गाकडे केला.

बाहेर येऊन त्या शुभदाला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी सूचनांमध्ये एक ओळ वाढवते. डबीला गंध लावू नये."

"आणि हळदकुंकू?" शुभदाने मनापासून विचारलं.

मॅडमना उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. शेजारच्या वर्गातून खिडकीच्या गजांतून दोन भुरभुरत्या वेण्या बाहेर आल्या. मागे सई तिला धरून उड्या मारत होती. नव्या बाकावर बसून, पाय आत घालून, बाहेर काढून, पुन्हा आत घालून बघून झालं होतं, आणि आता अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात ईश्वरी ओरडत होती,

"आई! मावले! गुडघे मावले!"